चित्र टांगलं कुठे होतं?

पुण्यात रशियन शिकून गेले होते, म्हणून मॉस्कोत भाषा अडणार नाही असा माझा समज होता. भाजी घेताना अडली नाही. वर्गात अडली. ‘ओक्लाद’, ‘ओलिफा’, ‘इकोनोस्तास’ (देवचित्रांची भिंत)... देवळातले हे शब्द मला कुणी शिकवलेच नव्हते. रशियन कलेचा इतिहास शिकायला निघालेल्यांनी व्याकरणाबरोबर हेही पाठ करून जावं.

पहिला निबंध रुब्ल्योव्ह या जुन्या चित्रकाराच्या ‘त्रोइत्सा’ (त्रिमूर्ती) या देवचित्रावर होता. तीन देवदूत, वर्तुळात बसवलेली रचना, तो निळा रंग, सगळं लिहिलं. बाईंनी खाली एकच शेरा मारला: टांगलं कुठे होतं?

मी ते त्रेत्याकोव्ह संग्रहालयात पाहिलेलं. (2023 साली ते चर्चकडे सोपवायचं ठरलं, संग्रहालयवाल्यांचा जीव तेव्हापासून टांगणीला आहे.) पण पंधराव्या शतकात ते काढलं गेलं सेर्गियेव पोसादच्या मठासाठी. तिथे समोर मेणबत्त्या, धूर. चित्रावर ओलिफा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात. हे तेल काही दशकांत काळवंडतं, मग त्यावर नवे चित्रकार पुन्हा रंग चढवतात. वरून धातूचं आवरण, ते ओक्लाद; त्यातून चेहरे आणि हात तेवढे दिसणार. आपल्याकडे शेंदराच्या खोळीखाली मूळ मूर्ती झाकून जाते, तसंच. 1904 मध्ये सफाई सुरू झाली तेव्हा कुठे खालचा रंग दिसू लागला.

वास्तूंचंही तेच. सगळे मॉस्कोच्या लाल चौकातल्या पोक्रोव्स्की कॅथेड्रलच्या (1555–61) रंगीत घुमटांपासून सुरुवात करतात, मीही केली. त्याऐवजी आधी व्लादिमीरला जा. बोगोल्युबोवो स्टेशनवरून कुरणातून दीडेक किलोमीटर चाललं की नेर्ल नदीकाठचं बाराव्या शतकातलं पांढऱ्या दगडाचं छोटं चर्च लागतं. वसंतात पुराचं पाणी त्याला वेढतं. बूट चांगले घाला. मॉस्कोच्या क्रेमलिनमधलं कॅथेड्रलचं बांधकाम 1474 मध्ये कोसळल्यावर इटलीतल्या बोलोन्याहून बोलावलेल्या वास्तुकार फिओरावान्तीलाही आधी व्लादिमीरचंच कॅथेड्रल पाहायला धाडलं होतं. 1479 मध्ये त्याचं उस्पेन्स्की कॅथेड्रल पूर्ण झालं. इटालियन गणित, पण चेहरा व्लादिमीरचा.

पीटर्सबर्गचे राजवाडे मी भराभर उरकले. ते बांधणाऱ्या रास्त्रेल्लीचे चाहते रागावतील, पण इतकं सोनं एकदम पाहवत नाही.

दुसरा निबंध चित्रकार मालेविचच्या ‘काळ्या चौकोना’वर आला. 1915 च्या पेत्रोग्रादमधल्या (म्हणजे पीटर्सबर्गच) प्रदर्शनाचा फोटो उपलब्ध आहे: बाकीची चित्रं भिंतींवर, आणि हा चौकोन वर, छताला लागून, दोन भिंतींच्या कोपऱ्यात. रशियन घरात त्या कोपऱ्याला ‘क्रास्नी उगोल’ म्हणतात. तिथे देवाचं चित्र असतं. ‘क्रास्नी’ म्हणजे आज लाल, जुन्या भाषेत सुंदर.

या वेळी मी कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. चौकोनावर आले ते चौथ्या पानावर. गुण सांगण्यासारखे नव्हते, पण खाली शेरा नव्हता.