अँजिओग्राफीनंतर जांघेची जागा जपा
अँजिओग्राफी जांघेतून झाली असेल, तर डॉक्टर सांगतील तितके तास तो पाय सरळच ठेवायचा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की ड्रेसिंगवर तळहात दाबून धरायला पेशंटला आधीच सांगून ठेवा. मान उचलून बघणंही नको. पोटावर ताण आला की रक्त येऊ शकतं. कंबर मात्र फार अवघडते, तेव्हा सिस्टरना विचारून खाली टॉवेलची पातळ घडी सरकवा. पाण्यावर बंधन नसेल तर स्ट्रॉने थोडं थोडं पाजत राहा, तपासणीसाठी रक्तवाहिनीत सोडलेला डाय (एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) लघवीवाटे निघून जातो. चादरीखाली कोमट, ओलसर लागलं तर लगेच सिस्टरना हाक मारा, संकोच करू नका. घरी नेताना पुणेकरांची नेहमीची टू-व्हीलर नको, रिक्षा करा. घरी रक्त आलंच तर आडवं झोपवून जागा घट्ट दाबून धरा आणि १०८ला फोन लावा.