समितीचे कागद समितीलाच दिसावेत म्हणून: माझा अनुभव

आमची कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे. कंपनी सेक्रेटरी म्हणून ऑडिट कमिटी (हिशेब व लेखापरीक्षणावर देखरेख करणारी संचालकांची समिती), नामनिर्देशन व वेतन समिती अशा सगळ्यांच्या बैठका माझ्याकडे. बोर्ड पोर्टलवर, म्हणजे संचालकांना बैठकांचे कागद ऑनलाइन दाखवणाऱ्या प्रणालीवर, मात्र सगळ्या संचालकांचा एकच गट होता. त्यामुळे खुद्द व्यवस्थापकीय संचालकांना स्वतःच्या पगारवाढीचं टिपण समितीच्या बैठकीआधीच दिसायचं. हे मला फार खटकायचं.

मग प्रत्येक समितीचा वेगळा गट केला. परवानगी व्यक्तीला न देता समितीच्या सदस्यत्वाला जोडली. सदस्य बदलला की जुन्याचा प्रवेश आपोआप बंद. एखाद्या विषयात संचालकाचा हितसंबंध असेल तर तेवढंच टिपण त्यांच्यापुरतं झाकता येतं, ही सोय फार मोलाची.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानुसार ऑडिट कमिटीच्या दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून तारखांवर तशी मर्यादा घातली. या समितीच्या गणपूर्तीला किमान 2 स्वतंत्र संचालक (कंपनीच्या व्यवस्थापनात नसलेले) लागतात; बैठकीला येण्याचे होकार कमी पडले की मला सूचना येते. इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर 15 दिवसांत सदस्यांकडे जायला हवा, त्याचंही रिमाइंडर लावलं.

शेवटी समितीत नसलेल्या एका संचालकांना माझ्यासमोरच लॉगिन करायला सांगितलं. वेतन समितीचं नावही दिसलं नाही. पोर्टलवरचे जुने कागद मात्र एकेक करून हातानेच नव्या गटांत हलवावे लागले.