डार्ट्स कसे शिकावे: आधी तिन्ही डार्ट एकत्र, मग गुण

डार्ट हातात आला की नवा खेळाडू पहिला नेम धरतो तो बोर्डाच्या मधल्या लाल ठिपक्यावर. तो ठिपका जेमतेम १२.७ मिलिमीटरचा असतो आणि लागलाच तर ५० गुण देतो. २०च्या ट्रिपल रिंगमध्ये, म्हणजे तिप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत, लागलेला डार्ट ६० देतो. तरीही शिकणाऱ्या मुलांना मी पहिले काही आठवडे गुण मोजू देत नाही. बघायचं एवढंच, की तिन्ही डार्ट एकमेकांच्या किती जवळ लागले. तिन्ही चुकीच्या घरात पण एकत्र लागले, तर नेम थोडा सरकवला की काम होतं. एक वर, एक खाली, एक भिंतीवर गेला, तर सुधारायचं नेमकं काय, हेच कळत नाही.

१. बोर्ड आणि रेषा मोजून लावा

बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच हवा. उभं राहण्याची रेषा (तिला ओकी म्हणतात) बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागापासून २.३७ मीटरवर. बरेच जण हे अंतर भिंतीपासून मोजतात आणि बोर्डाच्या जाडीइतकं चुकतात. बोर्डासमोर दोरा सोडून जमिनीवर खूण करा आणि तिथून मोजा. पडताळायचं असेल तर बोर्डाच्या मध्यापासून रेषेपर्यंत तिरकं माप घ्या, ते सुमारे २.९३ मीटर भरतं. अगदी लहान मुलांसाठी रेषा थोडी पुढे घेतली तरी चालेल.

सुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी पक्के करा. बघणारे सगळे फेकणाऱ्याच्या मागे उभे राहतील. तिन्ही डार्ट फेकून झाल्याशिवाय कुणीही बोर्डाकडे जाणार नाही. तारेवर आपटून डार्ट उलटा येऊ शकतो, म्हणून पायात बंद बूट हवेत, आणि खाली पडणारा डार्ट हाताने झेलायला कधीही जाऊ नका. लहान मुलं खेळत असतील तर मोठं माणूस जवळ हवंच.

२. डार्ट निवडा

डार्टचे चार भाग असतात: टोक, पकडायचं धातूचं बॅरल, मागचा दांडा म्हणजे शाफ्ट, आणि पिसासारखी फ्लाइट. लहान हाताला १८ ते २० ग्रॅम वजन सोयीचं पडतं, मोठ्यांना २२ ते २४. सरळ बॅरल आणि मोठ्या आकाराची फ्लाइट घ्या. मोठी फ्लाइट डार्टला हवेत सरळ ठेवते आणि हाताच्या बारीक चुका सांभाळून घेते.

३. उभं राहणं आणि पकड

उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय पुढे, रेषेला लागून. वजन बरंचसं त्याच पायावर, पण पुढे इतकं झुकू नका की तोल जाईल. एकदा जागा ठरली की दर वेळी पाऊल तिथेच पडलं पाहिजे.

आता डार्ट एका बोटावर आडवा ठेवा आणि तो कुठे तोलून राहतो ते शोधा. त्या जागेच्या जरा मागे अंगठा, समोरून तर्जनी आणि मधलं बोट. पकड पेन धरतो तेवढीच. नखाचा रंग दाबामुळे पांढरा पडला तर जोर जास्त लागतोय. असा आवळलेला डार्ट सुटताना एका बोटाला चिकटतो आणि तिरका जातो.

४. फेक

इथे घाई करू नका, सगळा खेळ या एका हालचालीत आहे. कोपर समोर, साधारण खांद्याच्या उंचीला. टोक किंचित वर. डार्ट डोळ्यासमोर धरून नेम घ्या, हात गालाजवळ सावकाश मागे आणा आणि पुढे सोडा. खांदा आणि धड स्थिर, हलतो तो कोपरापासूनचा हात. डार्ट सुटल्यावर हात तसाच लांब जाऊ द्या, बोटं लक्ष्याकडे राहिली पाहिजेत. नवखे सुटल्या सुटल्या हात मागे खेचतात, तिथेच डार्ट खाली जातो.

डार्ट वर जात असतील तर ते लवकर सुटतायत. खाली जात असतील तर उशिरा सुटतायत किंवा कोपर पडतंय. डावी-उजवीकडे भरकटत असतील तर मनगट वळतंय का, ते कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा.

यात ताकदीचं काम नाही. इंग्लंडच्या ल्यूक लिटलरने जानेवारी २०२५मध्ये पीडीसीचं (व्यावसायिक डार्ट्सची संघटना) विश्वविजेतेपद जिंकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता.

५. सराव आणि पहिला सामना

रोज वीस मिनिटं पुरेत. आधी एकाच मोठ्या घरावर नेम, मग १ ते २० क्रमाने प्रत्येक घर. गुण मोजायला लागलात की बोर्डाची मांडणी नीट बघा. २०च्या शेजारी ५ आणि १ मुद्दाम ठेवलेत, नेम थोडा हुकला की गुण घसरतात. या तीन घरांची बेरीज २६. डावीकडच्या १४च्या शेजारी ११ आणि ९ आहेत, त्यांची बेरीज ३४. हात अजून पक्का नसेल तर १४वर नेम धरणं शहाणपणाचं.

खेळ ५०१मधून मिळालेले गुण वजा करत शून्यावर येण्याचा. नवख्यांनी ३०१ घ्यावा. शेवटचा डार्ट बाहेरच्या डबल रिंगमध्ये (दुप्पट गुणांची पट्टी) किंवा मधल्या लाल ठिपक्यात लागला पाहिजे. शून्याखाली गेलात किंवा १ उरला, तर ती पाळी बाद आणि गुण आधीच्या आकड्यावर. म्हणून ३२ उरवायचा प्रयत्न करा. डबल १६ हुकून साधा १६ लागला तर १६ उरतात, म्हणजे डबल ८. तोही तसाच हुकला तर डबल ४, मग २, मग १. ४० उरले असतील तर २० आणि १० नंतर ५ उरतात आणि आणखी एक डार्ट जातो.

डार्ट काढताना ओढू नका, किंचित फिरवत काढा. तंतूंचा बोर्ड ओला करू नका. २०चं घर सर्वांत आधी झिजतं, म्हणून अधूनमधून आकड्यांची रिंग काढून बोर्ड दोन घरं फिरवा, म्हणजे २० पुन्हा काळ्याच घरावर येतो. फिरवण्याआधी जुनी झीज जरा निरखून बघा. ती बोर्डभर विखुरलेली न दिसता एका जागी दाटलेली दिसली, तर तुमचे डार्ट एकत्र लागायला लागलेत.