ज्यू परंपरेतलं शरीर वाचायला घेताना: २४८ आणि ३६५ची गल्लत

तीन नावं आधी सांगून ठेवते: मिश्ना म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, ताल्मूड म्हणजे त्यावरच्या रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चा, आणि कबाला म्हणजे ज्यू गूढविद्या.

या ग्रंथांमधल्या शरीराच्या अभ्यासात पडलं की एक वाक्य भेटतंच: माणसाचे २४८ अवयव म्हणजे २४८ विधी, ३६५ शिरा म्हणजे ३६५ निषेध, मिळून ६१३ आज्ञा. वाक्य इतकं देखणं आहे की ते कुणी, कधी म्हटलं हे विचारायचं राहूनच जातं. विचारा. ताल्मूडच्या मक्कोत भागात, पान २३ब वर, रब्बी सिमलाई २४८ची सांगड अवयवांशी घालतात खरी. पण ३६५ हे तिथे सौर वर्षाचे दिवस आहेत. शिरांचा पत्ताच नाही. त्या येतात झोहरमध्ये, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेल्या कबालाच्या मुख्य ग्रंथात. अवयवांची यादी आणखी तिसरीकडे, मिश्नाच्या ओहोलोत भागात: पावलात ३०, दर बोटाला सहा. आणि तिथे विषय चाललाय प्रेताच्या विटाळाचा! हे तिन्ही एका दमात म्हणत राहिलात तर पुढचं काहीच नीट लागणार नाही. स्पष्टच सांगते, वर्ष फुकट जाईल.

थर सुटे केले की मात्र झोहर उघडतो. बायबलमधला याकोब, इस्राएली लोकांचा पूर्वज, रात्रभर झुंजतो, त्याच्या मांडीचा सांधा निखळतो, म्हणून त्याचे वंशज जनावराच्या मांडीतली ती शीर खात नाहीत. झोहर म्हणतो, ३६५ शिरांपैकी ही शीर म्हणजे तिशा बआव, दोन्ही मंदिरांच्या नाशाचा उपासाचा दिवस. निषेध, शीर आणि दिवस एकाच जागी. माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

सेफिरोतचे, म्हणजे कबालातल्या दहा दैवी शक्तींचे, रंगीत तक्ते सुरुवातीला बघूच नका. त्यांतली चेसेद (कृपा) उजवा हात, गेवुरा (कठोरता) डावा, हे दहा मिनिटांत पाठ होतं आणि लगेच मन षट्चक्रांशी जोड्या लावू लागतं. तक्ता देऊन मोकळा होणारा गुरू माझ्या मते काही कामाचा नाही. पान उघडून सोबत बसणारा शोधा. नाहीच मिळाला तर जोडीदार घ्या. येशिवांमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळांमध्ये, हेव्रुता म्हणतात ती हीच पद्धत.

हिब्रू, अरामी कच्ची असेल तर घाबरू नका. सेफारिया या वेबसाइटवर बऱ्याच ग्रंथांचं मूळ आणि इंग्रजी शेजारीशेजारी फुकट मिळतं. ओहोलोत १:८ पासून सुरू करा, मग मक्कोत, झोहर सगळ्यात शेवटी.