पहाटेची पिवळी उलटी थांबली ती जेवणाच्या वेळेने

कुत्रा पहाटे पिवळा फेस ओकतो, पण एरवी मजेत खातो-खेळतो? मग आधी वेळापत्रक बघा. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 पोट रिकामं राहिलं की पित्त जठरात चढतं. आमच्याकडे गुण आला तो असा: दिवसभराचं माप तेवढंच, त्यातला चौथा हिस्सा रात्री साडेदहाला. भांड्यात उरलेलं 20 मिनिटांत उचलायचं. मध्येच उंड्याचे (गोव्यातल्या गोल पावाचे) तुकडे टाकणं बंद. हेच घरच्यांना सर्वांत जड जातं!

फेरी जेवणाआधी. गोव्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी 7च्या आत. डांबरावर तळहात 7 सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजतात. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना खाल्ल्यावर तासभर पळवू नका, पोट फुगून पिळा पडू शकतो. उलटीत रक्त दिसलं किंवा अन्न सुटलं, तर थेट पशुवैद्य गाठा.