"त्यांना ताप आहे" म्हणणं मी कसं बंद केलं

सोमवारी सकाळी नवऱ्याच्या कंपनीतून फोन यायचा आणि मी सांगायचे, "त्यांना ताप आहे." अकरा वर्षं सांगितलं. ज्यांच्या घरात दारू आहे त्या बायकांनो, सुरुवात या फोनपासून करा. तो त्यांच्या उशाशी नेऊन ठेवा, काय सांगायचं ते त्यांना ठरवू दे. पहिल्यांदा ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. नोकरी गेली नाही. साहेबांनी बोलावून खडसावलं, आणि उपचाराचा विषय त्या संध्याकाळी पहिल्यांदा नवऱ्याच्याच तोंडून निघाला.

बारची उधारी फेडू नका. लेकीच्या फीचे पैसे मी पगाराच्याच दिवशी आईकडे ठेवायला द्यायचे.

लेक तेव्हा आठ वर्षांची. गल्लीत गाडीचा आवाज आला की बाबा पिऊन आलेत का ते तिला कळायचं, आणि ती दप्तर उचलून आतल्या खोलीत जायची. मी म्हणायचे, "बाबा दमलेत." तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. मुलांशी खोटं बोलू नका. सरळ सांगा, "बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं तुझं काम नाही."

त्यांच्याशी बोलायचं ते सकाळी, उतरलेली असताना. रात्री एक शब्दही नको. हात उचलला तर मुलांना घेऊन बाहेर पडा, 112 लावा. आधारकार्ड, पासबुक, दोन कपडे एका पिशवीत शेजारणीकडे आधीच ठेवा. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तुम्हाला संरक्षण मागता येतं.

चहातून गुपचूप दारू सोडवायचं औषध देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम बंद करायलाही लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

आणि स्वतःसाठी अल-अनॉनच्या मीटिंगला जा. ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, नवरा पीत असला तरी जाता येतं. मी गेले तेव्हा हे पीतच होते. पहिल्या दिवशी मी गप्प बसून राहिले. शेजारची बाई बोलायला लागली, "मी त्यांच्या ऑफिसात सांगायचे, ताप आहे म्हणून..." आणि मला रडू आवरेना.