'फिल्टर्ड' म्हणजे बंद नव्हे: एनमॅप वापरताना या चुका टाळा

गॉर्डन लायन यांनी 'फ्योडोर' या टोपणनावाने १९९७ साली 'फ्रॅक' या ई-नियतकालिकात एनमॅप पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. नेटवर्कवर कोणती यंत्रं चालू आहेत आणि त्यांची कोणती पोर्टं (प्रोग्रामांनी जोडणी घ्यायचे क्रमांकित दरवाजे) उघडी आहेत, हे शोधणारा हा स्कॅनर. आज घरचा राउटर तपासणाऱ्यापासून दुकानात सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बसवणाऱ्यापर्यंत सगळे ते वापरतात. चालवायला अवघड काहीच नाही. प्रोग्रामचं नाव, पुढे पत्ता, की झालं. गोंधळ होतो तो आलेली यादी वाचताना. स्कॅनर समोरच्या मशीनच्या आत डोकावत नाही. तो पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवतो आणि काय परत येतं ते सांगतो. ते उत्तर नेमकं कुणी दिलं हे बघायचं राहून गेलं, की पुढचे दोन तास भलत्याच जागी शोधण्यात जातात.

(खालचे पर्याय उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टंकताना इंग्रजी अक्षरं वापरायची आणि लहान-मोठं अक्षर जपायचं. मोठा पी आणि लहान पी यांचा अर्थ वेगळा आहे.)

'फिल्टर्ड' दिसलं की 'बंद' समजणं

फोन लावल्यासारखं आहे. उचलला तर 'ओपन', कट केला तर 'क्लोज्ड', आणि नुसतीच रिंग वाजत राहिली तर 'फिल्टर्ड'. 'क्लोज्ड'मध्ये समोरचं मशीन जिवंत असतं आणि स्वतः आरएसटी (रीसेट) पॅकेट पाठवून नकार देतं. म्हणजे वाट मोकळी आहे, फक्त त्या पोर्टावर कुठला प्रोग्राम ऐकत नाही. अशा वेळी फायरवॉलचे (कोणती पॅकेटं जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या रखवालदाराचे) नियम बदलत बसण्यात अर्थ नाही, सर्व्हिस चालू आहे का ते बघा. 'फिल्टर्ड'मध्ये उत्तरच आलेलं नसतं, किंवा वाटेत कुणीतरी मनाईचा आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारा) संदेश पाठवलेला असतो. तेव्हा फायरवॉल तपासायची. सर्व्हिस कितीही वेळा रीस्टार्ट केली तरी फरक पडणार नाही.

शंका असेल तर 'मायनस मायनस रीझन' हा पर्याय जोडा. प्रत्येक पोर्टासमोर कारण छापून येतं: सिन-ॲक (जोडणीला होकार) आला, रीसेट आला, की काहीच आलं नाही. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता, असं माझं मत आहे.

कुठून स्कॅन करताय हे विसरणं

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते.

सर्व्हर ज्या मशीनवर आहे तिथूनच १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) स्कॅन केलं, पोर्ट उघडं दिसलं, आणि शेजारच्या लॅपटॉपवरून मात्र लागत नाही. अशा वेळी सर्व्हिस बहुतेक फक्त १२७.०.०.१ वरच ऐकत असते. लिनक्सवर 'एसएस', विंडोजवर 'नेटस्टॅट' चालवून ती कोणत्या पत्त्याला बांधली आहे ते पाहा. तिथे ०.०.०.० (म्हणजे मशीनचे सगळे पत्ते) किंवा मशीनचा लॅनमधला (घरच्या-ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमधला) पत्ता दिसायला हवा.

दुसरा प्रकार पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने आतल्या यंत्राकडे पाठवण्याचा. डीव्हीआरसाठी राउटरवर पोर्ट उघडलं आणि घरात बसूनच स्वतःच्या पब्लिक आयपीवर (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावर) स्कॅन मारला. बऱ्याच राउटरांवर हे पॅकेट बाहेर जातच नाही, राउटर आतल्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. त्यामुळे जगाला काय दिसतं ते कळत नाही, उलट राउटरचं ॲडमिन पानच उघडं दिसून घाबरायला होतं. खरी तपासणी बाहेरूनच करावी लागते. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग स्कॅन करा.

त्याआधी राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सेवा कंपनीच्या सामायिक नॅटमागे (एकच पब्लिक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) आहात. तुमच्या नावावर वेगळा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता नाही. फॉरवर्डिंगचे नियम कितीही बरोबर असले तरी बाहेरून पोर्ट उघडं दिसणार नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर आयपीव्ही६ वापरा. आयपीव्ही६ पत्ता स्कॅन करताना 'मायनस ६' द्यायला विसरू नका.

व्हर्च्युअल मशीनमधून (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकातून) स्कॅन करणाऱ्यांनी नेटवर्क 'नॅट'वरून 'ब्रिज्ड'वर (थेट खऱ्या नेटवर्कवर) घ्यावं. नॅटमध्ये कधीकधी मधला थरच सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो आणि बंद असलेली यंत्रंही जिवंत दिसतात. गेस्ट वायफायवर याच्या उलट होतं: राउटर सोडून काहीच सापडत नाही, कारण तिथे उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात.

'होस्ट सीम्स डाउन' आणि आंधळेपणाने मायनस पीएन

मशीन समोर चालू आहे, तरी एनमॅप म्हणतं की ते बंद वाटतं. आधी सुडो (लिनक्सवर ॲडमिन हक्काने चालवणारी आज्ञा) लावून बघा. ॲडमिन हक्क असतील तर एनमॅप लॅनमध्ये एआरपीने ('हा पत्ता कुणाचा?' असं विचारणाऱ्या संदेशाने) विचारणा करतं, आणि तिला उत्तर देणं चालू मशीनला सहसा टाळता येत नाही. हक्क नसतील तर ते ८० आणि ४४३ या दोन पोर्टांवर जोडणी करून बघतं. विंडोजच्या फायरवॉलने ती पॅकेटं गिळली, की मशीन 'मेलेलं'.

मायनस पीएन (पी मोठा) म्हणजे 'जिवंत आहे असं समज आणि पुढे चल'. एखाद्या लांबच्या सर्व्हरसाठी हे ठीक आहे. पण दुसऱ्या शाखेतल्या २५६ पत्त्यांच्या अख्ख्या पट्ट्यावर ते लावलं, तर रिकाम्या पत्त्यांवरही प्रत्येकी हजार पोर्टं तपासली जातात. मग स्कॅन अडकला असं वाटतं.

हजार पोर्टं म्हणजे सगळी पोर्टं नव्हेत

एनमॅप आपणहून फक्त नेहमीची १००० टीसीपी (आधी जोडणी करून बोलणाऱ्या पद्धतीची) पोर्टं बघतं. एकूण आहेत ६५,५३५. बऱ्याच डीव्हीआरचं ३७७७७ हे पोर्ट त्या हजारांत नाही, त्यामुळे ते यादीत आलं नाही म्हणून बंद आहे असं ठरवू नका. पोर्ट माहीत असेल तर 'मायनस पी'पुढे (पी लहान) नंबर द्या, सगळीच हवी असतील तर 'मायनस पी मायनस'.

नंबरापुढे छापलेलं सर्व्हिसचं नावही यादीतून उचललेलं असतं. ८०८० पुढे काहीही लिहिलेलं असो, तिथे खरोखर काय चालतंय ते 'मायनस एसव्ही' (व्ही मोठा) लावल्यावरच कळतं. त्यातही एनमॅप ९१०० हे प्रिंटरचं पोर्ट मुद्दाम टाळतं, कारण काही प्रिंटर तिथे आलेलं काहीही सरळ कागदावर छापतात. 'टीसीपीरॅप्ड' असं दिसलं तर जोडणी झाली, पण समोरच्याने काही न बोलता लगेच तोडली, इतकंच समजा.

यूडीपी (जोडणी न करताच पॅकेट पाठवायची पद्धत) स्कॅन रांगतो, ते बिघडल्याचं लक्षण नाही. लिनक्स 'पोर्ट बंद' हे उत्तर सेकंदाला साधारण एकच देतं. त्या हिशेबाने सगळी पोर्टं तपासायला १८ तासांच्या वर जातात. ५३, १२३, १६१ अशी मोजकीच द्या. वेग वाढवायला 'मायनस टी ५' (टी मोठा) लावण्याचा मोह होतो, पण त्यात उशिरा येणारी उत्तरं हुकतात आणि उघडं पोर्ट 'फिल्टर्ड' दिसतं. घरच्या वायफायवर टी ४ च्या पुढे जाऊ नये.

परवानगी

स्वतःचं नेटवर्क किंवा मालकाची लेखी परवानगी, याशिवाय स्कॅन नको. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑफिसचं नेटवर्क तुमचं नाही, आयटीवाल्यांना आधी विचारा. सरावासाठी एनमॅपच्याच लोकांनी 'स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ओआरजी' हे मशीन खुलं ठेवलंय. दिवसाला थोडे स्कॅन चालतात, शेकडो नकोत.

निकाल टर्मिनलवर वाचून सोडून देऊ नका. 'मायनस ओए' (ए मोठा) आणि फाइलचं नाव दिलं की तो तीन स्वरूपांत जतन होतो. महिन्याने पुन्हा स्कॅन करा. एनमॅपसोबतचं 'एनडिफ' दोन्ही एक्सएमएल फाइली ताडून मधल्या काळात कोणतं पोर्ट नव्याने उघडलं ते दाखवतं.